टर्कीवाले अण्णा

"कोंबड्यांकडून आलात का?"

लोणी काळभोरला अण्णांच्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागे. पोस्टमनला, गॅसवाल्याला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यांनाही. उत्तर 'हो' असलं, तर पत्रिका फाटकावरूनच घेतली जाई.

कारण होतं. अण्णा जुन्या, काटक जातीचे टर्की पक्षी पाळत. कोंबड्यांच्या विष्ठेतून येणारा एक रोग कोंबड्यांना फारसा बाधत नाही, टर्कीचा मात्र कळपच्या कळप संपवतो.

नारायण पेठेत वाढलेला, कचेरीतून निवृत्त झालेला हा विधुर माणूस स्वतः अंडंही खात नसे. "चवीला कशी असते हो टर्की?" असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "मला काय विचारता? मी अजून कुणाला खाल्लेलं नाही."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. इथल्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा काही ओळखदेख नसताना खोली दिली ती अण्णांनी. ते उपकार मोठे, त्यामुळे संध्याकाळचं व्याख्यान मी मनापासून ऐके. "ती पांढरी, भराभर फुगणारी टर्की नको. स्वतःचं वजन पायांना पेलत नाही तिच्या. बियाण्याला पक्षी कसा हवा? झाडावर झोपणारा, आपली अंडी आपण उबवणारा." आजारातून उठलेला पक्षीही ते बियाण्याला ठेवत नसत. "जगू दे त्याला. पुढची पिढी त्याची नको."

त्यांची एकुलती एक मुलगी सुधा. तिनं बिबवेवाडीतल्या शंकरशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. शंकरचं ब्रॉयलर कोंबड्यांचं दुकान. दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन आली, तर अण्णांनी तिलाही तोच प्रश्न विचारला. तिनं डबा फाटकापाशी ठेवला आणि ती रस्त्याला लागली.

"रोगाला नाती कळत नाहीत," अण्णा मला म्हणाले. "डबा तुम्ही कॉलेजात न्या."

यंदा पावसाळ्यात पहिल्यांदाच एकही पिल्लू दगावलं नाही. औषध नाही, बल्बची ऊब नाही. इतक्या वर्षांच्या निवडीचं चीज झालं होतं. आंब्यावर ओळीनं बसलेले पक्षी अण्णांनी मला दाखवले.

"पहिली जोडी सुधानं आणली होती," ते म्हणाले. "तिनं बघायला हवं होतं."

आणि काही दिवसांतच त्यांनी सगळा कळप सासवडकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकला. मला म्हणाले, "बिबवेवाडीला जाऊन सांगा, आता यायला हरकत नाही."

मी गेलो. सुधाताई गल्ल्यावर होत्या. निरोप ऐकून त्यांनी आधी हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं. मग म्हणाल्या, "हरकत पक्ष्यांची होती, असं अण्णांना अजूनही वाटतं का? लग्नाला एवढी वर्षं झाली, आमच्या घरी एकदा तरी आलेत का ते?"

परत येऊन मी हे जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. अंगणात कसलाच आवाज नव्हता. अण्णा उठले, आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पुन्हा खुर्चीत बसले. बसूनच राहिले.

"अहो," ते हळूच म्हणाले, "जावयाला शंकर म्हणायचं, की शंकरराव? मी कधी हाकच मारलेली नाही."