परक्या हाताची गुदगुली

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत म्हात्रेकाका समोरून आले की लोक आधी त्यांच्या पायांकडे बघतात आणि मग काढता पाय घेतात. कारण काका चप्पल काढतात, पाय पुढे करतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "जरा गुदगुली कर."

वेडे नाहीत हो! रिटायर्ड वायरमन आहेत. त्यांच्या मते मेंदू म्हणजे मेन बोर्ड, पाठीचा कणा म्हणजे केबल आणि नसा म्हणजे वायरिंग. "आपल्याच हाताने गुदगुली होत नाय. बोर्डाला आधीच खबर लागते. तो म्हनतो, आपलाच मानूस हाय, हसायचं कशाला? परका हातच पायजे."

वॉचमनने केली, गॅसवाल्याने केली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून प्रकरण हातघाईवर आलं असताना काकांनी सरळ सेक्रेटरींच्या मांडीवर पाय ठेवला. सेक्रेटरी किंचाळले. काका मात्र खुदखुदले आणि "लाइन चालू हाय!" म्हणत घरी गेले. मीही पोट धरून हसलो.

माझं हसू आटलं ते त्यांच्या थोरल्या भावाचं ऐकल्यावर. शुगरने त्याच्या पायाच्या नसा मेल्या होत्या. चपलेतून खिळा आत घुसला, त्याला पत्ताच नाही. शेवटी पाय कापावा लागला. आता काकांनाही शुगर.

"मग डॉक्टरला दाखवा की!" मी ओरडलोच.

"तो खरं सांगतो रे," काका म्हणाले.

आधी हे काम काकू करायच्या, रोज सकाळी, चहाच्या आधी. त्या गेल्यापासून काका असे दारोदार हिंडतात.

परवा आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि डोळे घट्ट मिटले. बोर्डाला डोळ्यांवाटे खबर जायला नको ना! मी तळव्यावर बोट फिरवलं. मग नख. मग कंगव्याचे दात. पाय जरासुद्धा हलला नाही.

"लाजतोस काय? सुरू कर ना," काका म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. तळव्यावर टेकलेला कंगवा दिसला, तशी चेहऱ्यावरची रयाच गेली.

"तिचा हात असता, तर कळलं असतं," ते पुटपुटले.

"काका, आत्ता डॉक्टरकडे जायचं. मी स्कूटर काढतो."

ते नाही म्हणाले नाहीत. खाली वाकून, हाताने धरून, एकेक पाय चपलेत घातला. मग माझा दंड घट्ट पकडला आणि हळूच विचारलं, "तू पन आत येशील ना?"