बाबूतात्यांच्या भातातली माणसं

भाताला दाणा भरू लागला की मी बाबूतात्यांच्या शेतात उभी राहते. अंबाड्यात पेन, काखेत पिशवी, एक हात वर. ऊन असो, पाऊस असो, तक्रार नाही. म्हणजे ते माझं बुजगावणं. मी त्या वेळी घरात दिवसभराच्या कामांची यादी करत असते.

गुंजवणी नदीच्या अंगाला आमची आणि तात्यांची शेतं बांधाला बांध लागून आहेत. बाकीचे लोक काठीला सदरा अडकवतात, वर मडकं ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. तात्यांना ते चालत नाही. त्यांचं प्रत्येक बुजगावणं गावातलं कुणीतरी असतं. मोबाईल उंच धरून रेंज शोधणारे माजी सरपंच. कमरेवर हात ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या विहीणबाई. माझं तर इतकं जमलं, की दूधवाल्याने टेम्पो थांबवून त्याला सांगितलं, "ताई, उद्या गाडीला उशीर व्हईल." वर दुसऱ्या दिवशी माझ्यावरच रुसला, "बोलला बी न्हाई तुमी."

मी तात्यांना जाब विचारला. "मीच का?"

"तुला बघून पाखरू फिरकत न्हाई, सूनबाई. लई गुणाची हायेस."

हा गुण कोणत्या यादीत घालायचा, ते अजून ठरलेलं नाही.

तात्यांना आधी सुचावं लागतं. बांबू तासून तयार, पेंढा आणलेला, पाखरं थव्याने भातात उतरलेली, आणि हे बांधावर तंबाखू मळत बसलेले. "सुचू दे की." एकदा मी त्यांना कामाचा क्रम लावून दिला. आधी काठ्या, मग पेंढा, मग कपडे, मग तोंड.

"तुजं लगीन बी असंच लावलं व्हतं का गं?" त्यांनी विचारलं. आमचे हे बाजूलाच उभे होते, ते गरजेपेक्षा जास्त हसले.

यंदा मात्र तात्यांच्या घरातच पेटलं. त्यांची बायको, हिराकाकू, अंगणात सूप आपटून म्हणाल्या, "समदं गाव उभं केलं. विहीण केली, शेजारीण केली. जल्म गेला माजा ह्यांच्या चुलीम्होरं, माजं त्वांड काय ह्यांना दिसलं न्हाई."

त्या दिवसापासून अबोला. भाकरी वेळेवर, पण ताट आदळून. बोलणं सगळं माझ्यामार्फत. "सुमन, त्यांना सांग, ताक संपलं." तात्या तिथेच, हातभर अंतरावर बसलेले.

माझी कामं रखडायला लागली, तेव्हा मी तात्यांना बांधावर गाठलं. "काकूंचं सुचत नाही का तुम्हाला?"

मळणारा अंगठा थांबला. "हिचंच पैलं सुचलं व्हतं. पन ही पाखडाया बसली की चिमण्या हिच्या पायाशी येत्यात. हिला बघून पाखरू भ्यायचं कसं? खोटं करू व्हय?"

"हे त्यांना सांगा की."

"असलं कुणी सांगतं का?"

चार दिवसांनी काकू मलाच बोलवायला आल्या. दूधवाल्याने त्यांना काहीतरी सांगितलं होतं. आम्ही शेतावर गेलो. रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक बुजगावणं बसलेलं होतं. तात्यांच्या शेतात आजवर कुणी बसलेलं नव्हतं. जुनं हिरवं लुगडं, मांडीवर फुटकं सूप, सुपात तांदूळ. सुपात चिमण्या, खांद्यावर चिमण्या. आसपासच्या लोंब्या पार रिकाम्या.

तात्या बांधावर होते. आमच्याकडे बघत नव्हते.

"एवढं भात घालवलंत," काकू म्हणाल्या. मधे मी नव्हते.

"तेवढं जाऊ दे पाखरांना."

काकू चिखलातून बुजगावण्यापर्यंत गेल्या. वाकून त्याचा पदर डोक्यावर सारखा केला. एकही चिमणी उडाली नाही.

"उठा," त्या परत येताना म्हणाल्या. "ताक केलंय."

मी माझ्या बुजगावण्यावर एक नजर टाकली. त्याच्या जवळपास एक पाखरू नव्हतं.