शाबीभावजींचा लोखंडी जावई

अगो, ये, बस अशी जवळ. आधी तुझे कान उपटू दे. धारगळच्या हायवेवरून स्कूटर उडवत जातेस, हात हलवतेस आणि नाहीशी होतेस! आमच्या दारात थांबलीस तर चाकं झिजतात की काय?

शाबीभावजींचं ऐकलंस? माझे धाकटे दीर. यंत्राला पाव दाखवून चिडवणारा जगातला एकमेव माणूस!

सुर्लेला खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हाचा तोरा काय सांगू! मग खाण बंद झाली, बायको वारली, आणि महाशय आमच्याकडे राहायला आले. औषधांच्या कारखान्यात लागले. भावजींनी खोकी भरून चिकटपट्टी लावायची, शेजारच्या रोबोने ती रचायची. रोबो कसला, नुसता पिवळा लोखंडी हात. डोकं नाही, तोंड नाही. "वैनी, खोको वायच वाकडो ठेवलंय तर उचलीना नाय. जावय मेलो! जेका भूक नाय, तेचा काम खरा न्हय." हे पुराण रोज जेवताना. स्वतः मात्र पाण्याचा तांब्या उचलून घेणार नाहीत. घरातला जावई कोण, ते मी सांगायला नको.

त्या हाताभोवती जमिनीवर पट्टा आखलेला. माणसाचं पाऊल आत पडलं की हात जागच्या जागी थांबतो, कुणाला लागू नये म्हणून. झालं! भावजी रोज डब्यातला उंडो पाव घेऊन आत शिरायचे. "खातंस रे?" हात थांबायचा, मागे खोकी तुंबायची. शेवटी साहेबांनी बजावलं, "आता एकदा जरी काम थांबलं, तर घरी बसा."

आणि खंडेनवमीला या शहाण्याने काय करावं? पूर्वी ट्रकला घालायचे तसा झेंडूचा हार घेऊन, चालू कामात पट्टा ओलांडला! हाताला हार, बुडाशी नारळ. संध्याकाळी स्वतः घरी, कायमचे.

मी फाडफाड बोलले. "एवढा तिटकारा ना त्याचा? मग हार कशाला घातलात मेल्याला?"

उंडो चहात बुडवत म्हणाले, "वैनी, सुर्लेक माझो ट्रक आयलो काय सगळी बाजूक व्हयत. आता घरात, रस्त्यार, मी मदी आयलंय तरी कोण थांबना नाय. तो एकलो थांबायचो."

माझा खोबरं खवणारा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता दिवसभर सोप्यावर बसून रस्ता बघत असतात. तू येत्या आयतारी ये गो, रविवारची सुट्टीच असते. आणि लगेच आत माझ्याकडे धावू नकोस. आधी त्यांच्यासमोर स्कूटर बंद कर. जावयाचं पुराण ऐकावं लागेल. ऐक.