न्हाणीतला तांबडा दगड

रविवारी सकाळी भागाबाईंची विळी पिकलेला टोमॅटोसुद्धा कापेना, आणि हा पराक्रम सर्वस्वी शिवकन्याचा होता.

उद्या बुद्धपौर्णिमा. चिटगुप्पा गावच्या बुद्धविहारात दीडशे माणसांचं जेवण, आणि भाजी चिरायचा मान दरवर्षी भागाबाईंच्या विळीचा. त्या सकाळीच विहारात बैठकीला गेल्या होत्या आणि दुपारी येऊन वांगी चिरायला बसणार होत्या. तोवर सासूबाईंना विळी धार लावून द्यावी, एवढाच शिवकन्याचा हेतू होता. पण बाजारातून आणलेला काळा दगड फार खरबरीत निघाला. त्यावर घासल्यावर विळीची करवत झाली.

शिवकन्या पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोग फसला म्हणून घाबरायचं नसतं, कारण शोधायचं असतं, हे ती मुलांना रोज सांगे. तिनं आपल्या कपात चहा ओतला आणि विचार करायला बसली. उत्तम निकालाबद्दल कॉलेजनं दिलेला हा चिनी मातीचा कप टेबलावर नेहमीच डुगडुगायचा. टेबलाचा दोष समजून तिनं सुताराकडून त्याचे पाय दोनदा तासून घेतले होते. आजही थोडा चहा सांडलाच.

भागाबाई रोज पहाटे न्हाणीत जात, तिथून घासल्याचा आवाज येई, आणि तासाभरानं त्यांची विळी कांदा लोण्यासारखा चिरत असे. शिवकन्यानं न्हाणीच्या कोनाड्यात पाहिलं. तांबडा, हातात मावणारा, मधे झिजलेला दगड होता.

तो कशाचा बनलाय हे कळल्याशिवाय त्याला विळी लावायची नाही, असं तिनं ठरवलं. लिंबू पिळलं. फेस आला नाही, म्हणजे चुनखडी नाही. तांबडा रंग लोहाचा. मग नवऱ्याच्या दाढीच्या आरशावर घासून पाहिला. आरशावर लांबलचक ओरखडा उठला, म्हणजे आत वाळूसारखे कठीण कण आहेत. निष्कर्ष चोख होता. मात्र विळी घासली की दगडाचाच भुगा पडू लागला.

तेल हवं असणार. तिनं वाटीभर करडीचं तेल ओतलं. दगडानं ते सगळं पिऊन टाकलं आणि विळी वरून नुसती घसरू लागली. आता तेल काढणं आलं. तिनं दगड सोड्याच्या पाण्यात घालून कुकर लावला.

विलास जेवायला आला. "कुकरात काय शिजायलंय?"

"दगड."

त्यानं क्षणभर बायकोकडं पाहिलं. "किती शिट्ट्या?"

"तीन झाल्या. अजून दोन."

"मग मी हॉटेलात जेवून येतो," असं म्हणून तो दाढीचा आरसा न बघताच निघून गेला.

पाचव्या शिट्टीनंतर कुकर उघडला तर दगडाचे दोन तुकडे झालेले. ते ताटलीत निथळत असतानाच चपला वाजल्या. शिवकन्यानं ताटली पुढं धरली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

भागाबाईंनी तुकडा हातात घेऊन वास घेतला. "ह्याला कामून शिजवलीस गं? ह्यानं मी टाचा घासते."

"मग आत्याबाई, इळीला धार?"

भागाबाईंनी टेबलावरचा कप उचलला, उरलेला चहा मोरीत ओतला, कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर विळीचं पातं सावकाश फिरवलं. दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. टोमॅटोच्या दोन फोडी झाल्या. शिवकन्यानं कप हातात घेतला. कडेवर पोलादाच्या करड्या रेघा होत्या, आणि ती एका बाजूनं झिजून उतरती झाली होती.

"कधीपासून?"

"तू कालिजला गेलीस की रोज. असला कप घरात दुसरा न्हाई. लई कडक भाजलाय."

शिवकन्यानं एकदा पाय तासून बुटक्या झालेल्या टेबलाकडं पाहिलं.

"ते ऱ्हाऊ दे," भागाबाई म्हणाल्या. "माझ्या टाचांचं काय आता?"

शिवकन्यानं बाजारातला काळा दगड पुढं केला. भागाबाईंनी पाय वर घेऊन तो टाचेवर फिरवला. एकदा, दोनदा. चेहरा खुलला.

"बरा हाय की. कशाचा बनवलाय गं?"

सिलिकॉन कार्बाइड, त्याच्या कणांचा आकार, त्यांची कठीणता, सगळं शिवकन्याच्या ओठांवर आलं. तिनं पुसलेला कप टेबलावर ठेवला. तो डुगडुगला.

"काय की, आत्याबाई," ती म्हणाली. "आणा ती वांगी हिकडं."