सासूबाई चौथ्या गियरमध्ये

"जावईबापू, मला गाडी शिकवा," सासूबाई म्हणाल्या, आणि मास्तरांच्या घशात चहा अडकला.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि तेवढ्याच लोकांना रडवलंही होतं. शिकणाऱ्याने क्लच सोडायला जरा घाई केली की मास्तर असे ओरडत, की नाक्यावरचा पंक्चरवाला हातातलं चाक खाली ठेवून बघायला यायचा. शेवटी डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि बजावलं, "ओरडणं बंद. नाहीतर गोळ्या सुरू."

अशात या सासूबाई! दुसऱ्या कुणावर ओरडता येतं, मनातली वाफ निघून जाते. सासूवर ओरडायचं कसं? पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी नेऊन हळूच विजेच्या खांबाला टेकवली. मास्तर दात आवळून म्हणाले, "छान. आता जरा मागे घेऊ या." तेवढं बोलताना त्यांचे कान लालबुंद झाले.

घरी आल्यावर बायकोने त्यांना सतरंजीवर आडवं केलं. बाई वर्षभर योगवर्गाला जात होत्या आणि इतक्या शांत झाल्या होत्या, की दूध उतू जाताना त्याच्याकडे सुद्धा प्रेमाने बघायच्या.

"अहो, पोटाने श्वास घ्या."

"पोटाने मी जेवतो."

"पोटावर हात ठेवा. हं, आता सावकाश घ्या. त्याहून सावकाश सोडा. आणि सोडताना भुंग्यासारखा आवाज काढा. म्म्म्म..."

"शेजारी काय म्हणतील?"

"तुमच्या ओरडण्यापेक्षा बरं आहे म्हणतील. आणि एक लक्षात ठेवा, श्वास अर्ध्यात तोडायचा नाही. मधे कुणी कितीही बोललं तरी."

मास्तरांनी आधी खळखळ केली, पण दोन-तीन आठवड्यांत त्यांना या भुंग्याची चक्क गोडी लागली. आंघोळीच्या आधी भुंगा, जेवणाआधी भुंगा. शिकणाऱ्याने गियर खरडला की मास्तर ओरडायचे नाहीत, नुसते गुणगुणायचे. एका विद्यार्थ्याने इंजिनातून आवाज येतोय असं समजून गाडी थेट गॅरेजात नेली, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत चाललं होतं.

सासूबाईंची प्रगती मात्र दुसऱ्या गियरवर येऊन थांबली होती. तिसरा गियर म्हटलं की त्या दांड्यावरचा हातच काढून घ्यायच्या.

त्या दिवशी भर चौकात सिग्नल हिरवा झाला आणि सासूबाईंनी गाडी बंद पाडली. चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका टेम्पोवाल्याने मुंडकं बाहेर काढून जे विचारलं, ते सासूबाईंना ऐकू आलं नाही हे बरंच झालं. मास्तरांचे कान तापले, ओरडा अगदी ओठांपर्यंत आला, आणि त्यांना बायकोचं बोलणं आठवलं. त्यांनी डोळे मिटले. एक हात पोटावर ठेवला, दुसरा छातीवर. श्वास भरून घेतला आणि सोडू लागले, "म्म्म्म्म्..."

आता सासूबाईंनी सगळी हयात हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली. त्यांनी वळून पाहिलं. चेहरा लाल, डोळे मिटलेले, हात छातीवर, आणि माणूस कण्हतोय.

"जावईबापू! काय होतंय?"

श्वास अर्ध्यात तोडायचा नव्हता. 'एक मिनिट थांबा' अशा अर्थाने मास्तरांनी एक बोट वर केलं. सासूबाईंनी बोटाच्या दिशेने वर आभाळाकडे पाहिलं. वरचं बोलावणं आलं की काय!

"अजिबात नाही!" त्या गरजल्या. "मी चालवत असताना तर मुळीच नाही!"

भुंगा संपवून मास्तरांनी डोळे उघडले, तर चौक केव्हाच मागे पडला होता. सासूबाईंचा हात गियरवर होता आणि गियर चौथा होता.

"आई, अहो, मला काही..."

"बोलू नका! बोललं की हृदयावर ताण येतो."

"पण मी नुसता..."

"गप्प पडून राहा म्हणते ना!"

या आवाजापुढे भलेभले पेशंट गादीत रुतून बसले होते. मास्तरही बसले. त्यांनी गुपचूप आपल्या बाजूच्या ब्रेककडे पाय सरकवला, तर हुकूम आला, "पायही हलवायचा नाही!"

गाडी बाजाराच्या गल्लीत शिरली. एका अंगाला हातगाडी, दुसऱ्या अंगाला उभा ट्रक. मधून मास्तरांनी स्वतः कधी गाडी घातली नसती. सासूबाईंनी वेग कमी केला, आरसा पाहिला, गियर बदलला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर काढली. वळणाआधी इंडिकेटरसुद्धा दिला! मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं वळण घेणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता.

"फार दुखतंय का हो?" सासूबाईंनी काकुळतीने विचारलं.

"नाही हो, आनंद झालाय!"

"अरे देवा, बरळायला लागले," म्हणत सासूबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबते न थांबते तोच त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना हाका मारल्या. मास्तरांना काही सांगायची सवडच मिळाली नाही. त्यांना उचललं, निजवलं, अंगभर वायरी चिकटवल्या. मग डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी पाहिली, प्रेशर मोजलं आणि भुवया उंचावल्या.

"हृदय ठणठणीत आहे. आणि प्रेशर तर कॉलेजातल्या पोरासारखं! काय करता तुम्ही?"

"श्वास घेतो," मास्तर ओशाळून म्हणाले, आणि सगळा खुलासा केला.

नर्सा तोंडावर हात ठेवून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसून होत्या आणि आता स्वतःचीच नाडी मोजत होत्या. डॉक्टरांनी त्यांचं प्रेशर पाहिलं आणि निमूटपणे मास्तरांना पलंगावरून उठायची खूण केली.

पलंगावर पडल्यापडल्या सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना त्रास सुरू झाला ना, तेव्हा गाडी दारात उभी होती. मी चावी हातात धरून, कुणीतरी चालवणारा मिळेल म्हणून रस्त्यावर उभी होते. या वॉर्डातली सिस्टर मी, पण त्यांना वेळेत इथवर आणता आलं नाही."

मास्तरांनी स्टूल जवळ ओढलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आई, मला मात्र आणलंत. आणि काय आणलंत! आता पोटावर हात ठेवा. सावकाश श्वास घ्या."

जावई आणि सासू मिळून गुणगुणू लागले. जरा वेळाने शेजारच्या पलंगावरचे आजोबाही त्यांना सामील झाले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. फोनवर कुणीतरी बायकोला एवढंच कळवलं होतं, की तुमचे यजमान आणि आई दोघंही दवाखान्यात आहेत. रस्त्यावर एक वाहन मिळेना, म्हणून बाई गॅस सिलिंडरच्या टेम्पोत बसून आल्या होत्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात शेजारणीची. समोर पाहतात तर दोघं डोळे मिटून मजेत गुणगुणताहेत.

"इथे माझा जीव चाललाय आणि तुम्ही गाताय?" त्या अशा कडाडल्या की औषधांच्या ट्रेमधल्या बाटल्या किणकिणल्या.

"ताई, शांत व्हा," डॉक्टर म्हणाले.

"मी शांतच आहे!" बाई ओरडल्या, आणि आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या.

सासूबाईंचं प्रेशर उतरल्यावर डॉक्टरांनी घरी सोडलं, पण आजच्या दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावून. मास्तर गाडी चालवू लागले. सासूबाई त्यांच्या शेजारी डुलक्या घेत होत्या. मागच्या सीटवरून बायको पुढे झुकली.

"अहो, आईचं झालं की मलाही शिकवा. मी काही तिच्यासारखी घाबरणारी नाही. आणि हे बघा, मला काय करायचं ते माहीत असतं, तेव्हा मधेमधे सूचना द्यायच्या नाहीत."

मास्तरांनी एक दीर्घ श्वास घेतला. सोडायला मात्र ते विसरले.