आधी बोला, मग चालवा

आमच्या पांढुर्ण्यातून गेलेल्या संत्र्याच्या एका पेटीवर खडूनं चक्क सी भाषेतला प्रोग्रॅम लिहिलेला होता. नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "शेठ, हा कोणता नवीन मार्का काढला?" मी काय सांगणार? आदल्या संध्याकाळी खोडे सर माझ्या गोदामात चहाला येऊन गेले होते.

सरांचा बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथं, आणि खरं तर कुठंही, ते चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितात आणि विचारतात, "सांगा, काय छापून येईन?" प्रोग्रॅम असा नाठाळ की सरळ वाचणारा हमखास तोंडघशी पडतो. उत्तर दिल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. "आधी बोला, मंग चालवा," हा त्यांचा कायदा. लग्नाची पंगत असो की जामसांवलीच्या मारुतीची दर्शनाची रांग, कुणाची सुटका नाही. मी झाडावरचा बहार पाहून बगीचा घेणारा माणूस. एकदा म्हटलं, "सर, अंदाज तर मीही करतो." ते भडकलेच.

"अंदाज तुमचा, भाऊ. मी हिशोब करून राहिलो. मशीन मनाचं काई करत नाई."

गेल्या दिवाळीत त्यांची एकुलती एक लेक पल्लवी बंगलोरहून आली. तिकडे ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. सरांनी तिला मोठ्या हौसेनं क्लासमध्ये नेलं आणि फळ्यावर आपला लाडका प्रश्न लिहिला. आकडा पाच. एकाच ओळीत तो दोनदा छापायचा आणि छापला की दर वेळी एकानं वाढवायचा. नवखा म्हणतो 'पाच सहा'. सरांचं उत्तर 'सहा पाच', कारण मशीन उजवीकडून सुरू करतं.

पल्लवी म्हणाली, "बाबा, याचं पक्कं उत्तरच नाही. कोणत्या बाजूनं सुरू करायचं, हे भाषेनं ठरवलंच नाही. कोणतं मशीन काय छापेल, सांगता येत नाही."

आणि तिनं आपल्या लॅपटॉपवर चालवून दाखवलं. पाच सहा. क्लासमधली पोरं खो खो हसली.

"तुह्या मशीनमंधीच खोट हाय," म्हणून सर तडक घरी गेले. पल्लवी बंगलोरला परतली तरी अबोला सुटला नाही. बापलेकीचे निरोप इकडून तिकडे पोचवता पोचवता खोडेवहिनी मेटाकुटीला आल्या.

मला तो मास्तरकीचा ताठा वाटायचा. परवा मी टोमणा मारलाच, "सर, माझा बहाराचा अंदाज दरसाल चुकतो. मी कुणाशी बोलणं टाकलं का?"

सर रिकाम्या पेटीवर बसले होते. हातात खडू होता, पण लिहीत नव्हते.

"तिचंच बरोबर हाय, भाऊ. मी मागून पुस्तकात पाह्यलं. पण आठवीत असतानी तिनं पयल्यांदा बरोबर सांगतलं, ते हेच होतं. सहा पाच. मी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. आता तीच म्हणते, उत्तर नव्हतंच. मंग मी पेढे काहाचे वाटले?"

मला हसू आलं आणि लगेच गलबलूनही आलं. मग तेच म्हणाले, "तुमच्या फोनवरून लावून देता का? माह्यावरून लाज वाटते."

नंबर लावता लावता मी विचारलं, "उचलेल? आधी बोला, मग चालवा."

"सांगता येत नाई," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिनं लगेच उचलला. "काका? बाबा बरे आहेत ना?"

मी फोन सरांच्या हातात दिला. त्यांना माफी मागायची होती, निदान तोंडावरून तरी तसं दिसत होतं. पण विचारलं ते एवढंच, "जेवली का बेटा?"

मग पल्लवी म्हणाली, "आधी तुम्ही बोला, बाबा."

सरांनी डोळे मिटले.

"नसशीन जेवली."

"बरोबर," पल्लवी म्हणाली, आणि रडायला लागली.