जनरस शब्दाची मोहीम व पंख्याचा तह

श्री शब्ददेवता प्रसन्न. कोशकचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर जो रणप्रसंग गुदरला त्यात कोण चढले, कोण पडले, पंखा कोणाकडे होता आणि कोणाकडे गेला, हे वर्तमान मागाहून येणारांस ठाऊक असावे, नाही तर ज्याच्या तोंडी जे येईल ते तो सांगत सुटेल, सबब घडले तसे, पदरचा मीठमसाला न घालता, आणि घालणे भागच पडले तेथे बेताने घालून, लिहिले असे.

इंग्रजी शब्दांस मराठी अर्थ देणारा महाकोश सिद्ध करणे हे या दौलतीचे कार्य. तख्तावर श्रीमंत सरसंपादक, शब्दसागरमंथक, व्युत्पत्तिधुरंधर, ज्यांच्या नुसत्या खोकल्याने अवघा मजला सावध होई. त्यांचे समोर, भिंतीलगत, जेथे वाऱ्याची झुळूक म्हणून पोहोचत नसे, तेथे दुय्यम संपादक बाईसाहेब, ज्यांस सारी कचेरी दुय्यमबाई म्हणे. या बाई ए अक्षरास काळ्या केसांनी चाकरीस लागल्या आणि जी अक्षरास येईतो पांढऱ्या जाहल्या. तिसरे मुद्रितशोधक, ज्यांची नजर अनुस्वारावर आणि दुसऱ्याच्या डब्यावर सारखीच तेज. चौथ्या चहावाल्या मावशी, यांचे राज्य तटस्थ, आणि कप निम्मा भरणे हे त्या राज्याचे धोरण.

दालनात पंखा एकच, उभा, मान फिरवणारा. परंतु कैक उन्हाळ्यांमागे श्रीमंतांनी त्याचे मुख खासा आपणाकडे वळवून, मानेस सुतळी आवळून, वर गाठीवर गाठ मारून, त्याचे फिरणे बंद केले, आणि कारण असे सांगितले की फिरत्या वाऱ्याने शब्दांच्या चिठ्ठ्या उडतात. श्रीमंतांच्या चिठ्ठ्या काय दगडाच्या होत्या, असे दुय्यमबाईंच्या मनात रोज दुपारी येई, परंतु बाईंनी घाम पुसला आणि हिशेब मनात ठेविला. कात्रीही दालनात एकच. ती श्रीमंतांस त्यांच्या गुरूंनी दिलेली, ती त्यांच्या खणात कुलपाआड राही, आणि बाकी मंडळी कागदावर पट्टी दाबून चिठ्ठ्या फाडीत.

ऐशियास संस्थेच्या चालकांचा हुकूम आला की, जी अक्षराचा खंड आज सायंकाळी छापखान्याच्या गाडीत न चढेल तर कोशकचेरी बरखास्त समजावी आणि दालनात झाडू, बादल्या व फिनेल यांची कोठी करावी. त्याच सायंकाळी श्रीमंतांची सेवानिवृत्ती. हुकूम ऐकोन दुय्यमबाईंनी जी अक्षराचा गठ्ठा जवळ ओढिला, कारण श्रीमंत घरी जाऊन पेन्शन खातील, मुद्रितशोधक कोठेही अनुस्वार देतील, परंतु बाईंचे उभे आयुष्य या चिठ्ठ्यांत गेले होते आणि ते आता फिनेलच्या वासात पडणार होते. अवघा खंड तयार, अडला होता एकच शब्द, जनरस.

या शब्दावर श्रीमंतांनी प्रथम चाल केली आणि उदार, दाता, दानशूर, वदान्य, मुक्तहस्त अशी भरजरी फौज उभी करून फर्माविले की जनरस म्हणजे देणारा, हा अर्थ पहिला. दुय्यमबाईंनी भिंतीकडून तोफा डागल्या की दिलदार, मोठ्या मनाचा, दुसऱ्याची चूक पोटात घालणारा, हा अर्थ पहिला, कारण देतो कोणीही, पोटात घालतो तो विरळा. तेव्हा मुद्रितशोधक बगलेवरून शिरले आणि भरघोस, ऐसपैस, काठोकाठ, सढळ हाताने वाढलेला, असा तिसरा अर्थ काढून म्हणाले की ताट भरलेले नसेल तर वरच्या दोन्ही अर्थांस काय चाटायचे आहे. त्यांस दोन्ही पक्षांनी मिळून पिटाळले. परंतु पहिला मान कोणत्या अर्थास, हे भांडण सकाळपासून चालले आणि चहा दोन वेळा निवला.

त्यात संकटावर संकट म्हणजे हमीच्या वाक्याचा कायदा. या कोशाच्या संस्थापकांनी घालून दिले होते की, अर्थास जोडलेले उदाहरण मनाचे नसावे, याच दालनात प्रत्यक्ष घडलेले असावे आणि कोणी तरी डोळ्यांनी पाहिलेले असावे. गॅलप शब्दास घोडा मिळेना, तेव्हा मुद्रितशोधक जेवणाच्या सुट्टीस धावले त्याचे वाक्य घेतले. ग्रीडी शब्दास तर वाक्ये इतकी लोटली की निवडता निवडता पुरेवाट जाहली. जनरस शब्दास मात्र एकही मिळेना.

श्रीमंतांनी आठवण केली की आपण मावशीस डायरी बक्षीस दिली होती. मावशींनी जबाब दिला की दिली खरी, परंतु ती सरत्या वर्षाची होती, आणि देताना डिसेंबर निम्मा उलटला होता. तो मोर्चा तेथेच ढासळला. मग श्रीमंतांनी दुय्यमबाईंस सवाल टाकिला की, आपण कोणाची कोणती चूक पोटात घातली ते सांगावे. बाईंनी स्मरणाचे कोठार उपसले तो तेथे पंख्याची सुतळी, नाकारलेली रजा, उष्टावलेला डबा, अवघे जसेच्या तसे, तारीखवार लावलेले निघाले, आणि पोटात घातलेले असे काहीच सापडेना. बाई मनातून वरमल्या आणि नसता कागद चाळू लागल्या.

तो खाली छापखान्याची गाडी येऊन कर्णा वाजवू लागली. श्रीमंतांची मुद्रा उतरली, आणि मग त्यांनी एकाएकी उठून हुकूम सोडिला की आम्ही पंखा मुक्त करीत आहो, तमाम मंडळींनी डोळे उघडे ठेवून पाहावे व तसे वाक्य लिहावे. हे बोलून स्वारी सुतळीस भिडली. परंतु गाठ ती कैक उन्हाळ्यांची, घाम आणि धूळ पिऊन लोखंड जाहलेली, ती नखांस दाद देईना. मुद्रितशोधक दातांची कुमक घेऊन धावले, त्यांचा एक दात हलू लागला आणि ते माघारी आले. मग पट्टी चालविली, ती मोडली. मावशी म्हणाल्या, कात्री आहे की. श्रीमंत बराच काळ खणाकडे पाहत राहिले, मग किल्ली काढिली, कात्री बाहेर घेतली आणि आपल्या हाताने सुतळी तोडिली.

पंख्याने मान हलविली, कण्हला, सावकाश वळत वळत दुय्यमबाईंच्या दिशेस आला आणि तेथेच गंजाने अडकून बसला. पुढे नाही, मागे नाही. मुद्रितशोधकांनी रट्टे दिले तरी हलेना. अवघा वारा भिंतीकडे, आणि तख्त कोरडे. खोटे कशास लिहावे, बाईंस परम संतोष जाहला. त्यांनी पदर सैल केला, डोळे मिटले आणि इतक्या उन्हाळ्यांचे उट्टे एका झुळकेत निघाले.

डोळे उघडून पाहतात तो समोर श्रीमंत, गळपट्टीपर्यंत भिजलेले, मुद्रिताच्या कागदाने वारा घेत आहेत, आणि शेवटच्या दिवशी आपले तख्त असे तापावे याचा कोणास दोष द्यावा ते त्यांस सुचत नाही. त्या वेळी ते व्युत्पत्तिधुरंधर दिसले नाहीत, एक दमलेला म्हातारा माणूस दिसला. बाईंचा राग कोठे गेला तो बाईंस कळला नाही.

बाई म्हणाल्या, "सर, खुर्ची घेऊन इकडे या. दोघं मावतो."

श्रीमंतांनी आपली खुर्ची आपण उचलिली, हे कचेरीने प्रथमच पाहिले, आणि एका टेबलाशी, एका वाऱ्यात, दोन्ही सरदार बसले. मुद्रितशोधकांनी हरकत काढिली की पंखा वाक्यासाठी सोडला, मनापासून नव्हे, सबब हे औदार्य खोटे आणि वाक्य रद्द. श्रीमंतांनी मान खाली घातली.

"सोडला ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं. मनात काय होतं ते आपण कशाला उकरायचं?"

हे ऐकोन श्रीमंतांनी लेखणी उचलिली आणि बाईंच्या अर्थाखाली स्वहस्ते वाक्य लिहिले की, हेतू न विचारता त्यांनी दुसऱ्याचे देणे मोठ्या मनाने मान्य केले. बाईंनी श्रीमंतांच्या अर्थाखाली लिहिले की, जाता जाता त्यांनी पंखा उदारपणे देऊन टाकला. मावशींनी, तह जाहला असे पाहोन, चहा आणिला, तो कप काठोकाठ, आणि मुद्रितशोधकांचा तिसरा अर्थही जागीच सिद्ध जाहला. राहिला पहिल्या मानाचा प्रश्न. बाई म्हणाल्या की श्रीमंतांचाच अर्थ पहिला असू द्यावा. बाईंस वाटले की श्रीमंत नको नको म्हणतील, थोडा आग्रह होईल. श्रीमंत "बरं" म्हणाले आणि आकडा घालून मोकळे जाहले.

येणेप्रमाणे जनरस शब्द फत्ते जाहला, जी अक्षर गाडीत चढले, कोशकचेरी राहिली आणि फिनेलची कोठी जिन्याखाली गेली. दुय्यमबाई गठ्ठा पोहोचविण्यास मावशी व मुद्रितशोधकांसह खाली उतरल्या, श्रीमंत मागाहून एकटे उतरले, आणि तेथेच त्यांचा निरोप जाहला. त्यांनी छत्री बगलेत मारली आणि मागे न पाहता निघून गेले. बाई एकट्या वर आल्या. पंखा त्यांच्या टेबलाकडे तोंड करून वारा घालीत होता, आणि टेबलावर, पुसून लख्ख केलेली, मूठ बाईंच्या हाताकडे येईल अशी ठेविलेली, श्रीमंतांच्या गुरूंची कात्री होती. ठेविताना कोणी पाहिले नाही, सबब कायद्याप्रमाणे तिचे वाक्य कोशात घेता आले नाही. येथे लिहून ठेविले असे.